शेफील्डची रिअल एल: आधी पब निवडा, मग पिंट

रिअल एल म्हणजे पिपातच मुरणारी इंग्लंडची पारंपरिक बिअर. ती अर्धी ब्रुअरीत बनते आणि उरलेली अर्धी पबच्या तळघरात. पीप ब्रुअरीतून बाहेर पडतं तेव्हा आतलं यीस्ट जिवंत असतं, थोडी साखर शिल्लक असते आणि शेवटचं आंबणं त्याच पिपात होतं. तुमचा ग्लासही त्यातूनच भरतात. म्हणून एकाच ब्रुअरीची एकच बिअर एका पबात झकास लागते आणि दोन गल्ल्या पलीकडे पुचाट. इंग्लंडात नव्याने आलेले आपले लोक नेमके इथे गंडतात. बिअरचं नाव पाठ करतात, पबचं करत नाहीत.

या लेखासाठी शहर घेतलंय शेफील्ड. लंडनमध्येही उत्तम एल मिळते, पण तिथे एका चांगल्या पबातून दुसऱ्या चांगल्या पबात जाण्यातच अर्धी संध्याकाळ जाते, आणि पिंटचा भाव ऐकून तहान मरते ती वेगळीच. शेफील्डमध्ये महत्त्वाचे पब पायी होतात, लहान ब्रुअऱ्या शहरातच आहेत, आणि दोन विद्यापीठांमुळे ट्राममध्ये अधूनमधून मराठीही कानावर पडतं.

पोलादाच्या गावाची तहान

हे पोलादाचं शहर. भट्टीसमोर पाळी करून आलेल्या माणसाला कडक दारू नको असते, घामावाटे गेलेलं पाणी भरून काढणारी, तीन-चार टक्क्यांची, पोटभर पिता येईल अशी बिअर हवी असते. ही मागणी भागवणाऱ्या मोठ्या ब्रुअऱ्या शहरात होत्या. त्यातल्या वॉर्ड्स आणि स्टोन्स या दोन्ही १९९९ मध्ये बंद झाल्या. पोलादाचे कारखाने त्याआधीच धडाधड मिटत चालले होते.

पण गोष्ट तिथे संपली नाही, कारण दुसरी एक गोष्ट आधीच सुरू झाली होती. १९८१ मध्ये डेव्ह विकेट या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने एका भागीदाराबरोबर केलम आयलंड या ओसाड पडत चाललेल्या कारखान्यांच्या वस्तीत एक पब घेतला आणि त्याचं नाव ठेवलं ‘फॅट कॅट’. त्या काळात बहुतेक पब कुठल्या ना कुठल्या मोठ्या ब्रुअरीच्या दावणीला बांधलेले असत. मालक जी बिअर पाठवेल तीच विकायची. विकेट मात्र लांबलांबच्या छोट्या ब्रुअऱ्यांची पिपं आणून ठेवू लागला. १९९० मध्ये त्याने पबला लागूनच केलम आयलंड ब्रुअरी काढली. तिच्या ‘पेल रायडर’ला २००४ मध्ये ‘चॅम्पियन बिअर ऑफ ब्रिटन’ हा देशातला सर्वोच्च मान मिळाला. विकेट २०१२ मध्ये गेला. २०२२ मध्ये ही ब्रुअरी बंद होत असल्याची घोषणा झाली तेव्हा शहर हळहळलं. पुढे थॉर्नब्रिज या जवळच्याच ब्रुअरीच्या लोकांनी नाव वाचवलं आणि पेल रायडर त्यांच्याकडे बनू लागली.

लहान ब्रुअऱ्या नुसत्या हौसेवर वाढत नाहीत, कायदाही लागतो. १९८९ च्या ‘बिअर ऑर्डर्स’ या सरकारी आदेशांनी मोठ्या ब्रुअऱ्यांची पबवरची पकड ढिली केली आणि त्यांच्या पबना दुसऱ्या ब्रुअरीची एखादी पिपातली बिअर ठेवण्याची मुभा दिली. २००२ मध्ये लहान ब्रुअऱ्यांना बिअरवरच्या करात मोठी सूट मिळाली. आज शेफील्डच्या काउंटरवर दिसणारी विविधता या दोन निर्णयांशिवाय समजत नाही.

तळघरात काय चालतं

हा भाग वाचायचा कंटाळा करू नका. पुढचे सगळे सल्ले यातूनच निघतात.

‘कॅम्पेन फॉर रिअल एल’, म्हणजे सगळे म्हणतात तसं ‘कॅम्रा’, ही ग्राहकांची चळवळ १९७१ मध्ये सुरू झाली. तेव्हा मोठ्या कंपन्या गाळून, यीस्ट मारून, गॅस भरलेली केगमधली (म्हणजे धातूच्या बंद पिंपातली) बिअर सगळीकडे रेटत होत्या. कॅम्राच्या मते रिअल एल ती, जी ज्या पिपातून वाढली जाते त्याच पिपात दुसऱ्यांदा आंबते आणि बाहेरून गॅस न भरता ग्लासात येते. काउंटरवरचा लांब दांडा मागे ओढला की तळघरातली बिअर निव्वळ हाताच्या जोरावर वर येते. या दांड्याला हँडपंप म्हणतात. बाजूला जे छोटे नळ दिसतात ते केगचे. केगची बिअर वाईट असते असं नाही. छोट्या ब्रुअऱ्याही आता केगमध्ये सुरेख काम करतात. पण ती रिअल एल नव्हे, आणि तिला तळघराचं कसब फारसं लागत नाही.

पबात येणारं नेहमीचं पीप म्हणजे फर्किन: ९ गॅलन, ४१ लिटर, ७२ पिंट. ते तळघरात आडवं ठेवून हलू न देता विसावू देतात. वरच्या भोकात मऊ लाकडाची खुंटी ठोकतात, तिच्यातून जास्तीचा गॅस निघून जातो. मग कठीण लाकडाची खुंटी बसवून उरलेला गॅस आत धरून ठेवतात. गाळ खाली बसला, बिअर स्वच्छ झाली, चव जुळून आली की मगच विक्री. हा क्षण ओळखणं हे तळघर सांभाळणाऱ्याचं खरं कौशल्य. घाई केली तर बिअर गढूळ आणि कच्ची लागते.

पीप सुरू झालं की दर पिंटामागे तेवढीच हवा आत जाते. तिथून घड्याळ सुरू. लावलेल्या दह्यासारखं तिचं असतं: एक दिवस अगदी जमलेली, आणखी एक-दोन दिवस चांगली, मग आंबटपणाकडे. तीन दिवसांच्या आत पीप संपावं असा सर्वसाधारण दंडक आहे. आता हिशेब करा. ७२ पिंट तीन दिवसांत म्हणजे एका पंपामागे रोज २४ पिंट खपायला हव्यात. एखाद्या पबात दहा हँडपंप आणि गिऱ्हाइकं चार असतील, तर पंपांची ती रांग पाहून हरखू नका, सावध व्हा.

राहिला तापमानाचा प्रश्न. ‘इंग्रज लोक कोमट बिअर पितात’ ही तक्रार प्रत्येक भारतीय पाहुणा करतोच. तळघर ११ ते १३ अंशांवर ठेवतात. हे कोमट नाही, हे पुण्यातल्या डिसेंबरच्या पहाटेचं तापमान आहे. मुंबईच्या उकाड्यात फ्रीजमधली लागर (आपल्याकडची नेहमीची फिकट, थंड प्यायची बिअर) योग्यच, पण तीच थंडी एलला दिली तर माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) आणि हॉप्स (बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं) यांचा वास दबून जातो आणि पैसे वाया जातात.

पब कसा ओळखावा

पहिली गोष्ट, वर सांगितलेला हिशेब: पंप किती आणि खप किती. तीन पंप असलेला भरलेला पब दहा पंपांच्या ओसाड पबापेक्षा बरा.

दुसरी, नेहमीची मंडळी काय पितायत ते पाहा. काउंटरला टेकून बसलेले आजोबा गटातले लोक सगळे लागर पीत असतील तर तुम्हीही एलचा हट्ट धरू नका.

‘गुड बिअर गाइड’चा चालू वर्षाचा स्टिकर दारावर असेल तर चांगलं. ही कॅम्राची वार्षिक यादी आहे आणि त्यातली निवड स्थानिक सभासद स्वतः पिऊन करतात. जुन्या वर्षाचा स्टिकर अजून मिरवणारा पब मला थोडा संशयास्पद वाटतो. ‘कास्क मार्क’ची पाटी म्हणजे तपासनीस येऊन तापमान, स्वच्छता आणि चव पाहून गेला. दोन्ही उपयोगी, पण दोन्ही हमी नव्हेत.

हँडपंपावर बिअरचं चित्र आणि नाव असलेली पट्टी लावतात, तिला पंपक्लिप म्हणतात. ती उलटी फिरवलेली असेल तर ते पीप संपलंय किंवा पुढचं अजून तयार नाही. अशा एक-दोन उलट्या पट्ट्या दिसणं उलट शुभ. पब कच्चं पीप जबरदस्तीने सुरू करत नाही असा त्याचा अर्थ.

दिवस कोणता, यानेही फरक पडतो. गुरुवार ते शनिवार खप जोरात, पिपं ताजी. सोमवारी-मंगळवारी शनिवार-रविवारचं उरलंसुरलं तुमच्या वाट्याला येऊ शकतं, मात्र जिथे रोजच गर्दी असते तिथे हा नियम लागू नाही.

काउंटरवर

परमिट रूमची सवय असलेला माणूस टेबल गाठून बसतो आणि वेटरची वाट पाहतो. इथे कोणी येणार नाही. काउंटरवर जायचं, मागायचं, तिथल्या तिथे पैसे द्यायचे, ग्लास स्वतः उचलून टेबलावर न्यायचा. रांग दिसत नाही, पण असते: कोण आधी आलं हे काउंटरमागच्या माणसाच्या आणि उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात पक्कं असतं. हात हलवू नका, कार्ड नाचवू नका. तुमच्या आधीच्या माणसाला सोडून तुम्हाला विचारलं तर ‘यांचा नंबर आधी’ एवढं म्हणा. त्या एका वाक्याने जी पत मिळते ती पुढे महिनोन्‌महिने पुरते.

पिंट म्हणजे ५६८ मिलिलिटर. हाफ मागायला अजिबात लाजू नका. कित्येक पबात एक तृतीयांश मापही मिळतं. तीन-चार पब करायचे असतील तर हाफच घ्या. आपल्याकडच्या काही मंडळींना हाफ मागणं कमीपणाचं वाटतं. तो कमीपणा चौथ्या पबात फार कामाला येतो.

निवड जमत नसेल तर चव बघायला थोडी मागा, बोटभर फुकट देतात. मात्र पबात झुंबड असताना सहा-सहा चवी घेत उभं राहणं बरं दिसत नाही. ‘फिकट आणि हॉप्सचं काही आहे का?’ किंवा ‘गडद पण कडू नसलेलं?’ असं विचारलं की काउंटरमागचा माणूस खुलतो. शेफील्डमध्ये तो तुम्हाला, तुमचं वय आणि लिंग काहीही असो, ‘लव्ह’ म्हणेल. त्यात काही विशेष शोधू नका.

वय १८ पूर्ण हवं, पण २५ पेक्षा लहान दिसलात तर ओळखपत्र मागतात. विद्यार्थ्यांनी त्यासाठी पासपोर्ट खिशात घेऊन हिंडू नये. प्रोव्हिजनल ड्रायव्हिंग लायसन्स काढून ठेवा, गाडी शिकायची असो वा नसो.

चौघं जण गेलात तर कॉन्ट्री काढत बसायचं नसतं. एकेकाने सगळ्यांची फेरी आणायची, याला राउंड म्हणतात. आपली पाळी आली की कोणी सांगण्याआधी उठायचं. दुसऱ्यांच्या फेऱ्या पिऊन आपल्या फेरीला बाथरूमला जाणारा माणूस शेफील्डमध्ये आणि सदाशिव पेठेत सारखाच लक्षात राहतो. भरभर पिणाऱ्यांच्या गटात अडकलात तर ‘मी या फेरीत नाही’ म्हणणं चालतं. टिप ठेवायची पद्धत नाही. फार खूश झालात तर ‘आणि एक तुमच्यासाठी’ म्हणून पैसे देता येतात.

यॉर्कशरमध्ये नळाच्या टोकाला बारीक भोकांची एक छोटी टोपी बसवतात, तिला स्पार्कलर म्हणतात. त्यामुळे वर दाट, सायीसारखा फेस येतो. दक्षिण इंग्लंडचे लोक म्हणतात याने हॉप्सचा कडूपणा मरतो. इथले म्हणतात याशिवाय बिअर बिअरसारखी दिसतच नाही. मी इथल्यांच्या बाजूने आहे, निदान बिटर (तांबूस, कडवट एल) आणि स्टाउट (काळी, भाजक्या चवीची) यांच्या बाबतीत. तुम्ही स्पार्कलर काढून मागू शकता, कोणी रागावत नाही. फेस फार चढला आणि बिअर कमी आली असं वाटलं तर ‘टॉप अप’ मागायचा हक्क आहे, तो वापरा.

कशानंतर काय

हलकं आधी, जड नंतर, गडद बहुधा शेवटी. जिभेवर भाजक्या माल्टचा थर बसला की त्यानंतर फिकट एलचा वास लागत नाही.

सुरुवातीला शेफील्डच्या पबात सहज दिसणारी ॲबीडेलची ‘मूनशाइन’ घ्या, ४.३ टक्के, फिकट सोनेरी, मोसंबीच्या सालीच्या वासाची. १९९६ मध्ये सुरू झालेल्या या ब्रुअरीला धार्मिक नावांचा भारी सोस. तिच्या काळ्याकुट्ट कडक स्टाउटचं नाव ‘ब्लॅक मास’ आणि अल्कोहोल बरोबर ६.६६ टक्के. ती हाफच प्या. ब्रॅडफील्डची ‘फार्मर्स ब्लाँड’ ४ टक्क्यांची, शहराबाहेरच्या डोंगराळ भागातल्या शेतावर बनणारी, अगदी सौम्य. फक्त लागर पिऊन आलेल्या पाहुण्याला पहिल्यांदा हीच द्या. माइल्ड दिसली तर सोडू नका. ही जुन्या कामगारांची गडद पण हलकी बिअर, आता फार थोड्या ठिकाणी कायम मिळते.

अलीकडे ३.४ टक्क्यांच्या बिअर जागोजाग दिसू लागल्यात. ऑगस्ट २०२३ पासून ३.५ टक्क्यांच्या खाली कर कमी लागतो, हे त्यामागचं कारण. एवढ्या कमी अल्कोहोलमध्ये चव आणणं अवघड, त्यामुळे ब्रुअरचा कस बघायचा असेल तर यातलीच एखादी घेऊन पाहा.

आणि आयपीए, म्हणजे ‘इंडिया पेल एल’, हॉप्सच्या कडूपणाची फिकट एल. यातला ‘आय’ म्हणजे इंडिया, हे सगळ्यांना माहीत असतं. अठराव्या शतकाच्या अखेरीला लंडनच्या बो भागातल्या हॉजसनच्या ब्रुअरीची बिअर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांचे कप्तान मुंबई, मद्रास, कलकत्त्याला विकायला नेत. १८२० च्या दशकात बर्टन गावच्या ऑलसॉपने त्यात उडी घेतली. बर्टनच्या पाण्यात जिप्सम हे खनिज भरपूर, त्यात हॉप्सचा कडूपणा खणखणीत उतरतो. ‘समुद्रप्रवासात टिकावी म्हणून मुद्दाम शोधलेली बिअर’ ही कथा मात्र फार सोपी करून सांगितलेली आहे. त्याच जहाजांतून काळी पोर्टरही सैनिकांसाठी जात होती आणि तीही नीट पोचत होती.

थॉर्नब्रिजने २००५ मध्ये काढलेली ‘जयपूर’, ५.९ टक्के, ही आधुनिक इंग्लिश आयपीएमधली गाजलेली. ती बनवणाऱ्यांपैकी मार्टिन डिकी पुढे ब्रूडॉग या ब्रुअरीचा सहसंस्थापक झाला. ती इतकी सुळकन उतरते की दुसरी मागवताना टक्केवारी मोठ्याने वाचावी.

पिताना आधी वास घ्या, मग मोठा घोट, आणि घोट गिळल्यावर नाकाने श्वास सोडा. एलची निम्मी चव त्या श्वासात असते.

बिअर खराब निघाली तर

व्हिनेगरसारखा आंबट वास, ओल्या पुठ्ठ्याची चव, फेसच नाही आणि पाणचट: यातलं काही आढळलं तर ग्लास परत न्या. किती पिऊन? दोन घोट. अर्धा ग्लास संपवून तक्रार केलीत तर तुमचंच हसं होईल. आवाज न चढवता ‘ही जरा उतरलेली वाटते, बघता का?’ एवढंच म्हणा. चांगल्या पबात चव न घेताच दुसरी देतात. गढूळपणा मात्र नेहमी दोष नसतो, काही बिअर मुद्दाम गढूळ ठेवतात. पंपक्लिपवर किंवा फळ्यावर तसं लिहिलेलं असतं. आणि नुसती आवडली नाही म्हणून परत करायची नसते. ती प्यायची, किंवा सोडून द्यायची.

शाकाहारी असाल तर हे नक्की वाचा

पिपातला गाळ लवकर बसावा म्हणून परंपरेने ‘आयसिंगग्लास’ घालतात. ते माशाच्या आतल्या हवेच्या पिशवीपासून बनतं. ते गाळाबरोबर तळाशी बसतं, ग्लासात जवळजवळ येत नाही, पण ज्यांना हे चालत नाही त्यांना ‘जवळजवळ’ पुरत नाही. फळ्यावर ‘व्हीगन’ किंवा ‘अनफाइन्ड’ (म्हणजे गाळ बसवायला काही न घातलेली) लिहिलेलं पाहा, किंवा सरळ विचारा. शेफील्डमध्ये हा प्रश्न कोणाला विचित्र वाटत नाही. श्रावण पाळणारे वाचक तसेही या लेखाकडे भाद्रपदात वळतील.

एक दुपार, पायी

शेफील्ड स्टेशनच्या पहिल्या फलाटालाच लागून ‘शेफील्ड टॅप’ आहे. राजा एडवर्डच्या काळातली रेल्वेची उपाहारगृहाची जागा कित्येक दशकं पडीक होती. २००९ मध्ये ती दुरुस्त करून पब झाला. नक्षीदार फरशा, उंच छत, आणि आतल्या दालनात चालू ब्रुअरी. गाडी पकडायला येणाऱ्यांमुळे खप सतत असतो, म्हणून बिअर ताजी. इथे हाफ घ्या, जास्त रेंगाळू नका.

तिथून थोड्या अंतरावर ब्राउन स्ट्रीटवर ‘रटलंड आर्म्स’. जेवण करायचं असेल तर इथे. मग शहराच्या मध्यातून वर चढत व्हिक्टोरिया स्ट्रीटच्या कोपऱ्यावरचा ‘बाथ हॉटेल’. नाव हॉटेल, पण पबच. आतली रचना १९३० च्या दशकातली जशीच्या तशी जपलेली: रंगीत काचा, बाकं, दोन वेगवेगळ्या खोल्या. बसायला जागा मिळाली तर निवांत बसा, शहरातली ही मला सगळ्यात आवडती खोली.

पुढे उतरत गिब्राल्टर स्ट्रीटवर ‘शेक्सपिअर्स’. वरच्या मजल्यावर गाणंबजावणं चालतं. आणि मग केलम आयलंड. हे बेट माणसाने केलेलं: गिरणीसाठी डॉन नदीचा पाट फिरवला, मधली जमीन बेट झाली. दुपारी लवकर पोचलात तर पिण्याआधी केलम आयलंड म्युझियममध्ये जा. तिथे १९०५ चं, १२,००० अश्वशक्तीचं रिव्हर डॉन इंजिन आहे. ते युद्धनौकांच्या चिलखती पत्र्यांचे लाटण-कारखाने चालवायचं, आणि ठरलेल्या वेळी वाफेवर चालवून दाखवतात. ते पाहिलं की या शहराला एवढी बिअर का लागत होती हे वेगळं सांगावं लागत नाही. ऑक्टोबरात याच म्युझियममध्ये कॅम्राच्या स्थानिक शाखेचा बिअर महोत्सव भरतो.

अल्मा स्ट्रीटवर फॅट कॅट. साधा, जुन्या धाटणीचा, चढ्या आवाजातलं संगीत नाही. इथे घाई करू नका. काही मिनिटांवर रसेल स्ट्रीटवर ‘केलम आयलंड टॅव्हर्न’. कॅम्राचा राष्ट्रीय ‘पब ऑफ द इयर’ किताब २००८ आणि २००९ असा लागोपाठ दोनदा मिळवणारा हा पहिला पब. माइल्ड आणि स्टाउट किंवा पोर्टर इथे हमखास मिळते, मागे छोटी बाग आहे. पाय अजून चालत असतील तर नदी ओलांडून नीपसेंड लेनवर ‘गार्डनर्स रेस्ट’. हा पब लोकांनी समभाग घेऊन स्वतः विकत घेतला आणि तेच चालवतात. सहकाराच्या गावातून आलेल्या मराठी माणसाला काउंटरवर गप्पांचा विषय आयताच मिळतो.

परत जायला शेल्समूरचा ट्रामथांबा जवळ. सात ठिकाणं लिहिली आहेत म्हणून साती करायची नाहीत. तीन पुरेत. निघण्याआधी वेळा पाहून घ्या. सोमवारी-मंगळवारी काही पब उशिरा उघडतात.

ब्रुअरीच्या दारात

लहान ब्रुअरीचा स्वतःचा बार असतो त्याला टॅपरूम म्हणतात. शोरहॅम स्ट्रीटवरच्या ट्रिपल पॉइंटमध्ये टाक्यांच्या बाजूलाच बसून पिता येतं. टॅपरूममध्ये बहुधा केगचं राज्य असतं. रिअल एलच हवी असेल तर हँडपंप आहे का ते आधी पाहा.

एक दिवस काढून पीक डिस्ट्रिक्टमधल्या बेकवेलला जा, शेफील्डहून बस आहे. थॉर्नब्रिजची ब्रुअरी तिथे आहे आणि आधी नोंदणी केली तर आतून दाखवतात. २०२४ मध्ये कार्ल्सबर्ग मार्स्टन्सने बर्टनमधली ‘युनियन’ पद्धत बंद केली, तेव्हा त्यातला एक संच थॉर्नब्रिजने आणला. एकमेकींना नळ्यांनी जोडलेल्या ओकच्या पिपांची ही रांग. आंबताना उसळणारं यीस्ट वर चढून नांदीत पडतं आणि बिअर पुन्हा पिपांत उतरते. ज्या गावाची बिअर एके काळी मुंबईच्या बंदरात उतरत होती, तिथली ही खास पद्धत.

सोबत खायला, आणि न पिणाऱ्यांसाठी

चखणा म्हणून कुरकुरीत पोर्क स्क्रॅचिंग्ज असतात. ती डुकराची कातडी आहे, पाकिटावरच्या चित्रावरून कळत नाही. ‘पाय’ (सारण भरून भाजलेली पेस्ट्री) मिळाला तर त्यावर ‘हेंडरसन्स रेलिश’ मागा. १८८५ पासून शेफील्डमध्ये बनणारा हा पातळ काळा सॉस. त्यात मासा नाही, चिंच आहे. आपल्या जिभेला तो पहिल्या थेंबात पटतो.

न पिणारे मित्र, बायका-मुलं, भारतातून आलेले आईवडील, सगळ्यांना दुपारी पबात नेता येतं. मुलांना मोठ्यांसोबत कुठवर येऊ द्यायचं हे पबवाला ठरवतो, तेवढं विचारून घ्या. लाइम अँड सोडा मागणाऱ्याला कोणी ‘घे रे थोडी’ म्हणत नाही. एकट्या बाईनेही पुस्तक घेऊन हाफ पीत बसणं इथे सर्वसाधारण आहे.

परतताना

४ टक्क्यांची एक पिंट म्हणजे साधारण २.३ युनिट (एक युनिट म्हणजे १० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल). आरोग्य खात्याचा सल्ला आठवड्याला १४ युनिटच्या आत राहण्याचा, म्हणजे सहा पिंट, त्याही तीन किंवा जास्त दिवसांत विभागून. गाडी घरी ठेवा. इंग्लंडातली मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम आहे, भारतात ३०, पण इथली जास्त आहे म्हणून गणित मांडत बसू नका. दारू पिऊन गाडी चालवल्याचा गुन्हा व्हिसाच्या आणि पुढे नागरिकत्वाच्या अर्जात आडवा येतो.

घरी न्यायला बरेच पब झाकणाच्या डब्यात पंपावरून एल भरून देतात. ती त्याच संध्याकाळी संपवा, उद्यावर ठेवू नका. भारतात न्यायची असेल तर लेबलवर ‘बॉटल कंडिशन्ड’ लिहिलेली बाटली घ्या. आत जिवंत यीस्ट असतं, म्हणजे ती बाटलीतली रिअल एलच. ५०० मिलिलिटरच्या चार बाटल्या भारतात येताना मिळणाऱ्या दोन लिटरच्या करमुक्त सवलतीत बसतात. चेक-इनच्या बॅगेत, कपड्यांत गुंडाळून. पोचल्यावर लगेच उघडू नका, प्रवासात गाळ ढवळलेला असतो. दोन दिवस फ्रीजच्या दारात उभी ठेवा, अर्धा तास आधी बाहेर काढा, ग्लास तिरका धरून एका दमात ओता आणि तळाचा बोटभर भाग बाटलीतच राहू द्या.